भोवरा विंचरून जात नाही

बैलबाजारात जाणता माणूस आधी दात पाहतो, मग खूर आणि चाल पाहतो. त्यानंतर बैलाच्या अंगावरून सावकाश हात फिरवत भोवरे शोधतो. “दात पाह्यले, आता भवरे पाहा,” असे अकोला-अमरावतीकडचा शेतकरी सोबतच्या माणसाला सांगतो. कपाळावर, मानेवर किंवा पाठीवर केस जिथे गोल फिरलेले दिसतात, तो भोवरा. कोणता भोवरा शुभ आणि कोणता अशुभ, या समजुतींना काही आधार नाही. मोजणी मात्र खरी असते. भोवरा एक असेल किंवा दोन असतील, दीड भोवरा कोणी पाहिलेला नाही.

लहान मुलाच्या टाळूवरही असाच भोवरा असतो. शाळेत पाठवताना आई पाणी लावून तिथले केस बसवते आणि तासाभरात ते पुन्हा उभे राहतात. तेल लावून पाहा किंवा कंगव्याची दिशा बदलून पाहा. भोवरा इकडेतिकडे थोडा सरकेल, पण जाणार नाही. तो इतका हट्टी का? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात आजच्या पदार्थविज्ञानातली एक अतिशय सुंदर कल्पना दडलेली आहे, आणि इलेक्ट्रॉनच्या जगातही ती जशीच्या तशी लागू पडते.

एक फेरी, एक वळसा

भोवऱ्याच्या बाजूला बोट ठेवा आणि त्याच्याभोवती एक फेरी मारा. बोटाखालचा केस कोणत्या दिशेला झुकला आहे, ते प्रत्येक पावलावर बघत चला. फेरी पुरी होते तेव्हा केसाची दिशाही एक पूर्ण वळसा घेऊन मूळ जागी आलेली असते. हीच फेरी बैलाच्या पाठीवरच्या सपाट केसांवर मारली, तर दिशा जराशी डोलेल, पण वळसा शून्यच राहील.

आता त्या फेरीच्या आत हवे तसे विंचरा, फेरीच्या रेषेवरचे केस मात्र हलवू नका. तुम्ही काहीही केले तरी वळसा एकच राहतो, कारण वळसे पूर्णांकातच मोजले जातात. एकावरून शून्यावर हळूहळू उतरायला मध्ये पाऊणही नाही आणि अर्धाही नाही. म्हणून आत कुठेतरी अशी एक जागा उरतेच, जिथे केसाला दिशाच नाही. तीच भोवऱ्याची टिकली. आकार बदलला तरी न बदलणाऱ्या अशा मोजणीचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेला टोपोलॉजी म्हणतात. पदार्थांच्या अभ्यासात ही दृष्टी आणल्याबद्दल डेव्हिड थाउलेस, डंकन हाल्डेन आणि मायकेल कोस्टर्लिट्झ यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थाउलेस आणि कोस्टर्लिट्झ यांच्या कामाच्या केंद्रस्थानी तर भोवरेच होते.

पांढऱ्या वडीच्या पोटात काय आहे?

पदार्थातला असा हट्ट पाहायला एका ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनात ‘छोटा फ्रीज’ हा प्रयोग हमखास असतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून त्या टेबलाभोवती गर्दीही चांगली होते. त्या फ्रीजचे काळीज म्हणजे चार सेंटिमीटर लांब-रुंद अशी एक चपटी पांढरी वडी. तिला लाल आणि काळी अशा दोन वायरी असतात. बॅटरी जोडली की वडीची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. हिला पेल्टिअर प्लेट म्हणतात. कडेने डोळा लावून पाहिले, तर दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये करड्या रंगाचे इवलेसे ठोकळे रांगेने उभे दिसतात. नेहमीच्या प्लेटमध्ये त्यांच्या १२७ जोड्या असतात. हे ठोकळे बिस्मथ टेल्युराइड या पदार्थाचे, त्यात थोडी इतर मूलद्रव्यांची भर घालून केलेले असतात.

बिस्मथचे थंडाईशी नाते जुने आहे. १८३८ मध्ये लेन्झ या शास्त्रज्ञाने बिस्मथ आणि अँटिमनी यांच्या सांध्यावर, विजेच्या जोरावर, पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. बरोबर १७० वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या झाहिद हसन यांच्या गटाने याच दोघांच्या मिश्रणात एक वेगळाच गुण प्रयोगाने दाखवला. हा पदार्थ आतून विसंवाहक आहे, म्हणजे वीज जाऊ देत नाही, पण त्याचा पृष्ठभाग वीज वाहून नेतो. पुढच्याच वर्षी बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड यांच्यातही हेच दिसले. अशा पदार्थाला टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात.

प्रदर्शनातली वडी या गुणावर चालत नाही, हे इथेच सांगितले पाहिजे. तिच्यातले ठोकळे मुद्दाम असे बनवतात की आतूनही वीज वाहावी. पण मूळ पदार्थ तोच आहे. सीमेवरच्या ज्या विज्ञानाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याचा कच्चा माल आपल्या मुलांच्या हातात आधीच आलेला आहे.

विसंवाहकावर तांब्याचा मुलामा चढवला तरी तो वरून वीज वाहील, मग यात नवल काय? नवल असे की इथे मुलामाच नाही. वरचा थर खरवडून काढला, तर खाली उघडा पडलेला नवा पृष्ठभागही वीज वाहू लागतो. दोन तुकडे केले तर दोन्हींचे सगळे पृष्ठभाग वीज वाहतात. भोवऱ्यासारखाच हा हट्ट.

अंबाडीच्या दोराचा पीळ

या हट्टाचे कारण समजायला अंबाडीच्या वाकाची एक लांब लड घ्या. पोळ्याआधी नवे कासरे आणि दावी वळली जात, तेव्हा घराघरांत अशा लडी पडलेल्या असत. आता सुतळीवरही भागेल. दोघांनी दोन टोके घट्ट धरावीत. तिसऱ्याने लड बरोबर मध्ये चिमटीत धरून फिरवावी. डावीकडच्या भागाला एका अंगाचा पीळ पडतो आणि उजवीकडच्या भागाला उलट अंगाचा. दोन्ही भाग कडक होतात, त्यांच्यातले धागे जागचे हलत नाहीत. चिमटीच्या जागी मात्र पीळ शून्य असतो. तिथले धागे एकमेकांना समांतर आणि सैल असतात, बोटाने सरकवले की सरकतात.

ही सैल जागा डावीकडे-उजवीकडे नेता येईल, पण नाहीशी करता येणार नाही. एका टोकाला सुलटा पीळ आणि दुसऱ्या टोकाला उलटा असेल, तर मध्ये कुठेतरी शून्य यावेच लागते.

विसंवाहकाच्या आत इलेक्ट्रॉनची अशीच अडवणूक झालेली असते. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा मजल्यांसारख्या असतात. खालचा मजला भरलेला, वरचा रिकामा, आणि मधली दरी ओलांडायची तर बाहेरून ऊर्जा हवी. बिस्मथ सेलेनाइडमध्ये ही दरी सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून साधारण ०.०२५ एवढेच मिळतात, म्हणून इलेक्ट्रॉन जागीच राहतो. ही दरी म्हणजे आपल्या दोराचा पीळ.

बिस्मथचे अणुकेंद्र जड आहे. त्यात ८३ प्रोटॉन असतात. त्याच्या जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग इतका वाढतो की तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम धरावेच लागतात. या वेगामुळे इलेक्ट्रॉनची गती आणि त्याची फिरकी एकमेकींत गुंततात. फिरकी म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या अंगी असलेले इवलेसे चुंबकत्व, ज्याला शास्त्रात स्पिन म्हणतात. या गुंत्यात वरचा आणि खालचा मजला आपापल्या जागा बदलतात. थोडक्यात, पदार्थाच्या आत पीळ उलटा पडतो. बाहेरच्या हवेत पीळ सुलटा. मग दोघांच्या सीमेवर, म्हणजे पृष्ठभागावर, पीळ शून्य व्हायलाच हवा. तिथे दरी मिटते आणि इलेक्ट्रॉन मोकळा होतो. पृष्ठभाग खरवडल्याने काही बिघडत नाही, कारण सीमा फक्त आत सरकते, मिटत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही आपली म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

या मोकळ्या इलेक्ट्रॉनला एक शिस्तही असते. तो ज्या दिशेने धावतो त्यावर त्याची फिरकी ठरते. पूर्वेला जाणाऱ्याची एकीकडे, पश्चिमेला जाणाऱ्याची बरोबर उलट. वाटेत साधा खडा, म्हणजे एखादा चुकार अणू, आडवा आला तरी इलेक्ट्रॉन सरळ मागे उलटू शकत नाही. त्यासाठी फिरकी उलटी करावी लागेल, आणि ते काम साध्या अणूचे नाही, चुंबकाचे आहे. म्हणूनच चुंबक जवळ आला की खरी गंमत सुरू होते.

चुंबकाचे भोवरे

त्यासाठी आधी आणखी एका जातीच्या पदार्थांची ओळख करून घेऊ. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध साफ नाहीसा होतो. हे अतिसंवाहक. त्यांच्यात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात आणि साऱ्या जोड्या एका तालात असतात. प्रत्येक जोडीजवळ एक घड्याळ आहे आणि सगळ्यांचे काटे एकाच दिशेला आहेत, अशी कल्पना करा. बैलाच्या पाठीवरचे सगळे केस एकाच अंगाने बसावेत, तसे.

अशा पदार्थाला चुंबक जवळ केले, तर पुष्कळ अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बारीक बारीक धाग्यांतूनच आत येऊ देतात. प्रत्येक धाग्याभोवती वीज गरगर फिरते आणि जोड्यांच्या घड्याळांचे काटे एका फेरीत बरोबर एक वळसा घेतात. हा केसांचाच भोवरा, फक्त केसांच्या जागी काटे. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे गणिताने मांडले, आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वळसा पूर्णांकच असल्यामुळे प्रत्येक भोवऱ्यातून जाणारे चुंबकत्वही ठरलेल्या मापाचेच असते. ना कमी, ना जास्त.

> आकड्यांची चौकट
> एका भोवऱ्यातले चुंबकत्व इतके थोडे असते की आपल्याकडचे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र (सुमारे ४० मायक्रोटेस्ला) भोवऱ्यांत वाटले, तर एका चौरस मिलिमीटरच्या वाट्याला जवळपास १९ हजार भोवरे येतील.
> अकोल्यातली ४५ अंशांची दुपार म्हणजे ३१८ केल्विन. भोवऱ्यांचे बारकाईने निरीक्षण करणारे प्रयोग अनेकदा १ केल्विनच्याही खाली होतात. शून्य केल्विन, म्हणजेच निरपेक्ष शून्य, हे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस.

हे भोवरे प्रत्यक्ष पाहण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात चालते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने अतिशय थंड केलेल्या नमुन्यावरून अणूएवढ्या टोकाची सुई फिरवून भोवऱ्यांच्या प्रतिमा घेतल्या आहेत. सुई पृष्ठभागाला टेकत नाही. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन उडी मारतात, आणि कुठे किती इलेक्ट्रॉन आले यावरून चित्र उमटते. आपल्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात, म्हणजे डवरणी उभी-आडवी करता येते. भोवरे मात्र तिफुलीवर बसतात, प्रत्येकाला सहा शेजारी. २०१९ मध्ये या गटाने मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ थरात भोवऱ्यांची ही मांडणी वितळताना पाहिली. आधी भोवऱ्यांच्या जागा सुटल्या, पण ओळींच्या दिशा टिकून राहिल्या. त्यानंतरच दिशाही विस्कटल्या. मधली ही अवस्था कोस्टर्लिट्झ-थाउलेस यांच्या विचारातूनच पुढे आलेली आहे.

त्याच संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या जवळपास दोन हजाराव्या भागावर, अतिसंवाहक होतो हे दाखवले. तो शोधनिबंध जानेवारी २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. बिस्मथची ही अवस्था इतकी नाजूक की ५.२ मायक्रोटेस्लाचे क्षेत्रही तिला मोडते. पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या सात-आठपट आहे, म्हणजे नमुन्याला आधी खुद्द पृथ्वीपासून झाकून ठेवायचे आणि मगच मोजायचे. असे काम आपल्या राज्यात झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांना फारसे कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

भोवऱ्याच्या पोटातला इलेक्ट्रॉन

आता दोन्ही धागे एकत्र आणू. भोवऱ्याच्या टिकलीत केसाला दिशा नसते, तशी चुंबकी भोवऱ्याच्या मध्यात अतिसंवाहकता नसते. तिथे एक अरुंद विहीर तयार होते आणि एखादा इलेक्ट्रॉन तिच्यात अडकतो. विहिरीला ऊर्जेच्या पायऱ्या असतात. १९६४ मध्ये कारोली, द जेन आणि मॅट्रिकॉन यांनी या पायऱ्यांचे गणित केले. त्यातून एक विचित्र गोष्ट निघाली. पायऱ्या अर्ध्यापासून सुरू होतात: अर्धी, दीड, अडीच. अगदी तळाची शून्याची पायरी तिथे नसते.

कारण असे. भोवऱ्याभोवती जोडीचे घड्याळ एक पूर्ण वळसा घेते. एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे अर्धी जोडी, म्हणून त्याच्या वाट्याला अर्धा वळसा येतो. फेरी मारून परत आला की त्याची लहर उलटी झालेली असते. वर जायचे तिथे खाली, खाली जायचे तिथे वर. हा अर्धा वळसा भरून काढायला थोडी ऊर्जा खर्चावी लागते, म्हणून पहिली पायरीच अर्ध्यावर.

टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर अतिसंवाहकता आणून तिथे भोवरा उभा केला, तर काय होईल? इथला इलेक्ट्रॉन दिशेबरोबर फिरकी वळवतो. भोवऱ्याभोवती फेरी मारताना त्याची दिशा गोल फिरते, म्हणून फिरकीही गोल फिरते. इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा एक गुण असा की ती पूर्ण गोल फिरली की लहर एकदा उलटते. म्हणजे आणखी एक अर्धा वळसा! पहिला अर्धा भोवऱ्याने दिला, दुसरा अर्धा पृष्ठभागाने. दोन अर्धे मिळून एक पुरा झाला आणि हिशेब मिटला. भरून काढायला काही उरले नाही, म्हणून पायऱ्या आता शून्यापासून सुरू होतात: शून्य, एक, दोन.

लिआंग फू आणि चार्ल्स केन या दोघांनी २००८ मध्ये हे भाकीत केले. शून्याच्या पायरीवरची ही अवस्था साधी नाही. ती निम्मी इलेक्ट्रॉन आणि निम्मी इलेक्ट्रॉनची उणीव असते. स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेल्या कणांची कल्पना इटलीच्या एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये मांडली होती, म्हणून हिला मायोराना अवस्था म्हणतात. एका भोवऱ्यात अर्धीच अवस्था असते. पूर्ण इलेक्ट्रॉन व्हायला दोन भोवरे लागतात. एका बैलाने गाडी जुंपली जात नाही, तसे एका भोवऱ्यावरून ‘इलेक्ट्रॉन आहे की नाही’ हे ठरत नाही. ती माहिती दोन लांबच्या भोवऱ्यांत वाटून ठेवलेली असते. एकाला धक्का बसला तरी ती सहजी पुसली जात नाही. क्वांटम संगणक बनवणाऱ्यांना हिची ओढ आहे ती यामुळेच.

सापडली का?

२०१८ मध्ये बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी लोह, टेल्युरियम आणि सेलेनियम यांच्या एका स्फटिकात भोवऱ्यांच्या मध्यात मोजणीच्या आलेखात बरोबर शून्य ऊर्जेवर ठळक शिखर पाहिले. हा स्फटिक स्वतःच अतिसंवाहक असतो आणि त्याचा पृष्ठभाग टोपोलॉजिकल असतो. पुढच्या वर्षी त्याच पदार्थात दोन जातींचे भोवरे वेगळे ओळखता आले. काहींच्या पायऱ्या शून्यापासून सुरू होणाऱ्या, काहींच्या अर्ध्यापासून. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण शून्यावरचे एकटे शिखर दुसऱ्या कारणांनीही येऊ शकते, पण सगळी शिडीच अर्ध्या पायरीने सरकणे सहज घडत नाही. तरीही सगळ्याच भोवऱ्यांत शून्याची पायरी का नाही, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. दोन भोवरे एकमेकांभोवती फिरवून त्यांच्या वाटांची वेणी घालणे, ही खरी कसोटी अजून बाकी आहे. या क्षेत्राने घाईची किंमतही मोजली आहे. बारीक तारांमधल्या मायोराना अवस्थेबद्दलचा २०१८ चा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला.

भोवऱ्याचा आणखी एक प्रकार आहे. चुंबकाच्या पातळ थरात इवल्या होकायंत्रांसारखे अणू काही ठिकाणी गोल मांडणी करतात. मध्यभागी सगळी टोके खाली, बाहेर सगळी वर. याला स्कर्मिऑन म्हणतात. असा थर टोपोलॉजिकल इन्सुलेटरवर ठेवला, तर वर टोक असलेले चुंबक पृष्ठभागाला एका अंगाचा पीळ देतात आणि खाली टोक असलेले उलट अंगाचा. मग दोघांच्या मधल्या कड्यावर पीळ शून्य होतो, आणि गणित सांगते की इलेक्ट्रॉन त्या कड्यावरून एकाच दिशेने फिरत राहील. पुन्हा तोच अंबाडीचा दोर.

हे विज्ञान आपल्यापासून लांबचे नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातले संवेदक आणि मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. अमरावतीत १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली शासकीय विदर्भ ज्ञानविज्ञान संस्था शंभरी ओलांडून उभी आहे, आणि वऱ्हाडाच्या पाचही जिल्ह्यांसाठी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून आहे. इथल्या बीएस्सीच्या मुलामुलींना या कामात जायला इंग्रजीची किंवा मुंबईची भीती वाटू नये, म्हणून हा लेख दोर आणि केसांच्या भाषेत लिहिला.

येत्या पोळ्याला, खांदशेकणीच्या वेळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून झाली की घरातल्या मुलांना जवळ बोलवा. भोवऱ्याभोवती त्यांचे बोट एकदा फिरवून आणा आणि केसाने किती वळसे घेतले, ते त्यांनाच मोजू द्या.